नेल्डाचे दोन उस्ताद

शर्टांचा कारखाना बंद झाला तेव्हा नेल्डा प्रुइट बावन्न वर्षांची होती. कॉलर लावायच्या मशीनवर तिची उमर गेली होती. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या त्या खालच्या कोपऱ्यात कापसाची शेतं संपली की पुन्हा कापसाचीच शेतं लागतात. तिथे बाईमाणसाला दुसरं काम म्हणजे म्हाताऱ्यांच्या आश्रमात, नाहीतर स्वस्त मालाच्या दुकानात. नवरा हॉईट जाऊन चार वर्षं झाली होती. सेंट लुईसची मुलगी म्हणत होती, आई, आमच्याकडे ये, मागची खोली रिकामीच आहे. मुलगी मनापासून म्हणत होती, त्यात खोट नव्हती. पण नेल्डाने ती खोली पाहिलेली होती. शिलाई मशीन, व्यायामाची सायकल आणि नाताळचं प्लास्टिकचं झाड, यांच्या मधोमध एक पलंग. त्या पलंगावर एकदा निजलो की आपणही त्या खोलीत ठेवून दिलेली एक वस्तू होऊ, अशी तिला भीती वाटली.

भावाच्या शेतावर कापसाच्या मोसमात तिने मोठ्या गाड्या हाकलेल्या होत्या, त्यामुळे चाकामागे बसायचं भय नव्हतं. तिने ट्रकच्या शाळेत नाव घातलं आणि परवाना काढला. पण परवाना हातात आला म्हणजे धंदा हातात येत नाही. कंपनीची रीत अशी की नव्या माणसाने काही आठवडे जुन्या ड्रायव्हरबरोबर त्याच्याच ट्रकमध्ये राहायचं. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागे पडद्याआड झोपायचं. मग त्या उस्तादाने ऑफिसला फोन करून सांगायचं, या माणसाला ट्रक द्या. त्याने सांगितलं तर ट्रक, नाहीतर घर. त्या काळात ट्रक जेवढा पळेल तेवढ्याचे पैसे उस्तादाला मिळतात, चाक कुणाच्याही हाती असो. म्हणून काही उस्ताद शिकवतात, आणि काहींना फुकटचा बैल मिळाल्यासारखं होतं.

बाई उस्ताद मिळायला उन्हाळा उजाडेल, असं ऑफिसातली बर्नडीन म्हणाली. नेल्डाला तेवढं थांबवत नव्हतं. पुरुष चालेल, असं तिने सांगून टाकलं. चर्चमधल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. धर्मोपदेशकाच्या बायकोने तिला गळ्यात घालायची एक शिट्टी आणून दिली.

शिट्टी वाजवायची वेळ कधी आली नाही. पहिला उस्ताद रँडी मेहॅफी तसला माणूस नव्हता. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, तोंडाने गोड. पहिल्याच दिवशी त्याने तिच्यासाठी खालचा पलंग मोकळा करून दिला आणि स्वतः वर चढला. तो तिला आजीबाई म्हणायचा, पण असा की राग येऊ नये. रस्त्यात त्याच्या गप्पांना खळ नसे. त्याची पहिली बायको, दुसरी बायको, आणि त्या दोघींनी मैत्रिणी होऊन त्याच्याविरुद्ध केलेली एकी. नेल्डा हसून हसून डोळे पुसायची. हॉईट गेल्यापासून ती एवढी हसली नव्हती.

वाईट उस्ताद वाईट दिसत असता तर जगातल्या निम्म्या लोकांचा त्रास वाचला असता.

तिसऱ्या दिवसापासून रँडी झोपायला लागला. ती चालवायची, तो झोपायचा. तो उठला की चालवायचा, ती झोपायची. ट्रकचं इंजिन गार होत नसे. गोदामाशी पोचलं की तो डोळे चोळत पुढे यायचा आणि म्हणायचा, सरक आजीबाई, तू लावत बसलीस तर माझे केस पांढरे होतील. मग एका हाताने कॉफी पीत तो एवढा लांबलचक ट्रेलर मागे मागे नेत दाराला असा चिकटवायचा की पाहत राहावं. नेल्डा पाहत राहायचीच. तिला वाटायचं, पाहून पाहून येईल. पण पोळी लाटताना पाहिलं म्हणून कुणाला पोळी येत नाही. कॅन्सस, कोलोरॅडो, वायोमिंग, सगळीकडून तिने ट्रक सरळ नेला, आणि ट्रेलर मागे घ्यायची वेळ तिच्यावर एकदाही आली नाही. एकदा तिने भीत भीत विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "सरळ चालवायचे पैसे मिळतात गं. मागे जायचे कोण देतो?"

ट्रेलर जोडायचं काम तेवढं तो तिला द्यायचा. ट्रकच्या पाठीवर एक तेलकट लोखंडी थाळी असते. ट्रक मागे घेत घेत ती थाळी उभ्या ट्रेलरच्या पोटाखाली सारायची. ट्रेलरच्या पोटाचा खुंटा थाळीतल्या जबड्यात जाऊन बसतो आणि जबडा मिटतो. मग ट्रक थोडा ओढून पाहायचा, खाली उतरायचं, विजेरी घेऊन गुडघ्यावर बसायचं आणि जबडा खरंच मिटलाय का ते डोळ्यांनी पाहायचं. कारण ट्रेलर त्याच्या पायांवर जरा जास्त उंच उभा असला तर खुंटा जबड्याच्या वरून निघून जातो. ओढून पाहिलं तर धरल्यासारखं वाटतं, आणि धरलेलं काहीच नसतं. हे शाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात.

रँडी म्हणायचा, "ओढून बघ आणि चल. हलला नाही ना? मग झालं. वाकून वाकून तुझे गुडघे जातील, आणि माझा दिवस."

नेब्रास्कात कुत्र्यांच्या खाण्याचं एक गोदाम होतं. तिथे दुपारी त्यांनी भरलेला ट्रेलर उचलायचा होता. बर्फाचा चिखल घोट्यापर्यंत होता आणि वारा तोंडावर चाबकासारखा बसत होता. नेल्डाने ट्रक खाली घातला, ओढून पाहिला, उतरून ब्रेकच्या हवेच्या नळ्या जोडल्या, ट्रेलरचे पाय वर घेतले आणि दिवसाही लागते म्हणून विजेरी काढली. पडद्यामागून रँडीचा आवाज आला, चल गं, उशीर होतोय. तिने खाली चिखलाकडे पाहिलं आणि विजेरी खिशात ठेवली.

फाटकाशी वळताना मागून असा आवाज झाला की तिला वाटलं गोदामच पडलं. आरशात पाहिलं तर ट्रेलर ट्रकच्या पाठीवर नव्हता. त्याने नाक चिखलात खुपसलं होतं, हवेच्या नळ्या तुटून फुसफुसत होत्या, आणि आतली पोती पुढच्या भिंतीवर येऊन आदळल्याने पत्रा फुगला होता. कुणाला लागलं नाही, ही देवाची कृपा. तिथेच नुकताच एक माणूस फाटक उघडून बाजूला झाला होता. त्या माणसाचं हिरवं जाकीट नेल्डाला पुढे कित्येक दिवस डोळे मिटले की दिसायचं.

रँडीने ऑफिसला सांगितलं की मी झोपलो होतो, मला काही माहीत नाही. मग त्याने तिला चेरीच्या गोड पाईचा तुकडा आणून दिला. मनावर घेऊ नकोस आजीबाई, म्हणाला, सगळ्यांच्या हातून एकदा होतं. पण मला दोन पोरं आहेत, मी दुसरं काय सांगणार? आणि खरंच त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. नेल्डाने तो तुकडा खाल्ला नाही.

बर्नडीनने कागदावरून मान वर न करता सांगितलं, की दुसरा उस्ताद देते, मिस्टर टॉलिव्हर. ते हो म्हणाले तर ट्रक. नाही म्हणाले तर मला पुन्हा फोन करू नका, बाई.

क्लोव्हिस टॉलिव्हर आर्कान्सॉच्या पूर्वेकडचा, मिसिसिपी नदीच्या काठचा. काळा, उंच, वाळक्या शेंगेसारखा, साठी ओलांडलेला, त्याच्या चर्चचा डीकन, म्हणजे कारभार पाहणारा. त्याने तिचा हात हातात घेतला, मिस नेल्डा म्हणाला आणि नंतर तासभर काही बोललाच नाही. नेल्डा मनात म्हणाली, हसवणाऱ्याने हे केलं, आता हा न हसणारा काय करील?

पहिली सगळी सकाळ त्याने ट्रक आवाराबाहेर काढला नाही. एकच रिकामा ट्रेलर. जोडा. सोडा. पुन्हा जोडा. त्याच्याकडे जुन्या गालिचाचा एक तुकडा होता, तो गुडघ्याखाली घ्यायला त्याने तिला दिला. प्रत्येक वेळी ती पाहून उठली की तो स्वतः तिथेच गुडघे टेकायचा आणि पाहायचा. बरोबर म्हणायचा नाही, चूकही म्हणायचा नाही. दुपारपर्यंत नेल्डाचे डोळे भरून आले होते.

मग तो पायरीवर बसला, सार्डिन माशांचा डबा उघडला, डोळे मिटून देवाचे आभार मानले आणि तिला विचारलं, "नेब्रास्कात काय झालं?"

तिने सगळं सांगितलं. रँडी काय म्हणाला, किती वेळा म्हणाला, पडद्याआडून कसा म्हणाला. चिखलाचंही सांगितलं.

"ट्रेलर जोडला कुणी?" क्लोव्हिसने विचारलं.

"मी. पण तो म्हणाला..."

"बघायला नको, असं तो म्हणाला. तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?"

 खरं बोलायचं तर तेव्हा तिला बरं वाटलं होतं. थंडी होती, चिखल होता, आणि कुणीतरी मोठ्या माणसाने सांगितलं होतं की वाकू नकोस. बर्नडीनपाशी, मुलीपाशी, रोजच्या प्रार्थनेतसुद्धा ती रँडीची तक्रार मांडत आली होती. ते बरं वाटणं तिने देवालाही सांगितलं नव्हतं.

"बरं वाटलं," ती म्हणाली.

क्लोव्हिसने मान हलवली आणि सार्डिनचा डबा तिच्यापुढे धरला. "आता शिकवता येईल," म्हणाला.

त्याच्या ट्रकमध्ये ती चालवत असताना तो झोपत नसे. शेजारी बसून राहायचा. त्यामुळे त्यांचा ट्रक रँडीच्या ट्रकच्या निम्माच पळायचा, आणि ऑफिसचा फोन यायचा की टॉलिव्हर, तुमचा ट्रक बिघडलाय का? तो सांगायचा, ट्रक ठीक आहे, मी शिकवतोय. त्याचे पैसे बुडत होते, हे नेल्डाला कळत होतं. पण तो विषय त्याने कधी काढला नाही, म्हणून तिनेही काढला नाही.

मागे घ्यायला त्याने तिला असं शिकवलं की आधी उतरा, चाला, मागे जाऊन पाहा, मग चढा. थोडं घ्या. कळेनासं झालं की पुन्हा उतरा. टेनेसीत किराणा मालाच्या एका गोदामात जागा चिंचोळी होती आणि मागे चार ट्रक खोळंबले होते. नेल्डा चढत होती, उतरत होती, घामाने भिजली होती. एक तरणा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, की बाई, ट्रक लावताय का व्यायाम करताय? बाकीचे हसले. क्लोव्हिस खाली उतरला, त्या पोराच्या ट्रकपुढे हाताची घडी घालून उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "तुम्हाला घाई असेल तर कॉफी पिऊन या. या बाईला काही मोडायचं नाही, म्हणून तिला वेळ लागतोय." नवव्या का दहाव्या खेपेला ट्रेलर दाराला लागला. शाबास तो तेव्हाही म्हणाला नाही.

मात्र हळूहळू तो बोलायला लागला होता. नेल्डाच्या चर्चमध्ये वाद्यं वाजवत नाहीत, नुसत्या गळ्याने गातात. हे कळल्यावर त्याला फार नवल वाटलं.

"पियानो नाही? मग लोकांना जाग कशी येते?"

"आमचे लोक झोपतच नाहीत, मिस्टर टॉलिव्हर. आमचं प्रवचन छोटं असतं."

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. पुढचे दोन तास मधूनच आठवून हसत राहिला.

एकदा ओक्लाहोमात डिझेल भरायला थांबले असताना रँडी भेटला. लांबूनच हात पसरून आला, आजीबाई म्हणत मिठी मारली, ट्रक मिळाला का विचारलं. त्याच्या मनात काही म्हणता काही नव्हतं. नेल्डाने रागवायचं ठरवलं, पण हसऱ्या माणसावर रागवायलाही सराव लागतो. त्याच्याबरोबर टेक्ससची एक नवी मुलगी होती. हात धुताना नेल्डाने तिला सांगितलं, पोरी, जोडल्यावर खाली वाकून पाहत जा. मुलगी हसली. "रँडी म्हणतो, वाकणारे म्हातारे होतात."  त्या रात्री तिने प्रार्थनेत त्या मुलीचं नाव घ्यायचं ठरवलं, तेव्हा लक्षात आलं की नाव विचारायचंच राहिलं.

शेवटचा आठवडा आला. क्लोव्हिसच्या चर्चचा गावी परतण्याचा रविवार होता. वर्षातून एकदा, गाव सोडून गेलेले सगळे परत येतात, झाडांखाली लांबच लांब टेबलं मांडतात, आणि ज्याच्या त्याच्या घरचं जेवण सगळे मिळून जेवतात. क्लोव्हिसची आई नव्वदीची होती आणि दर वर्षी त्याची खुर्ची धरून ठेवायची. मिस नेल्डानेही यायचं, असं त्याने आधीच सांगितलं होतं. ट्रक लावायला चर्चपाशी जागा होती, आणि सोमवारी तो ऑफिसला तिच्याबद्दल काय ते कळवणार होता. काय कळवणार, ते त्याने सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी सकाळी वाटेतल्या पॉप्लर ब्लफ गावच्या आवारात ट्रेलर घ्यायचा होता. तिथल्या माणसाला कागद सापडेनात. तास गेला, आणखी गेला. क्लोव्हिस एरवी दगडासारखा स्थिर, पण आज येरझाऱ्या घालत होता. शेवटी नेल्डा कागद आणायला आत गेली. परत आली तर ट्रेलर जोडलेला होता आणि क्लोव्हिस पांढरा शर्ट, निळा टाय घालून शेजारच्या जागेवर बसला होता.

"लावलाय, पाहिलाय," तो म्हणाला. "चला, गाणी तर चुकलीच. जेवण तरी चुकायला नको."

नेल्डा चाकामागे बसली. किल्लीला हात लावला.

तिला पक्कं माहीत होतं की त्याने पाहिलं असणार. हा माणूस खेळण्यातल्या ट्रेलरखालीसुद्धा वाकल्याशिवाय राहिला नसता. आता आपण उतरलो तर ते त्याच्या तोंडावर खोटं म्हटल्यासारखं होईल, तेही त्याच्या सणाच्या दिवशी, आणि उद्या आपलं भवितव्य याच्याच जिभेवर आहे. तिच्या डोळ्यांपुढे ती मागची खोली आली, व्यायामाची सायकल आली. न उतरण्यात काहीच बिघडणार नव्हतं. बरं वाटत होतं. आणि ते तसलंच बरं वाटणं होतं, हे तिला ओळखू आलं.

"एक मिनिट, मिस्टर टॉलिव्हर," ती म्हणाली आणि उतरली.

गालिचाचा तुकडा त्याच्या बाजूला होता, तो मागायचा धीर झाला नाही. ओल्या खडीवरच तिने गुडघे टेकले, विजेरी लावली. थाळी आणि ट्रेलर यांच्यात फट नव्हती. खुंट्यामागे जबडा घट्ट मिटलेला होता. सगळं जिथल्या तिथे होतं, अगदी जसं त्याने सांगितलं होतं तसं. ती उठली, हात पुसले, वर चढली.

क्लोव्हिस खिडकीबाहेर पाहत होता.  आर्कान्सॉची हद्द आली, भाताची शेतं लागली, तरी तो बोलला नाही. नेल्डा चालवता चालवता विचार करत होती. माफी मागावी का? पण कशाची? मनातल्या मनात ती एवढंच म्हणाली, देवा, जे होईल ते होऊ दे, पण मला या माणसाचा राग यायला नको, आणि माझा त्याला.

चर्चपाशी पोचले तेव्हा टेबलांवरची पांढरी कापडं वाऱ्याने उडत होती आणि लोक बशा घेऊन बसलेही होते. नेल्डाने ट्रक कडेला नेला, उतरून मागे पाहिलं, परत चढून नीट मागे घेतला आणि इंजिन बंद केलं. क्लोव्हिसने टाय सारखा केला, पण दार उघडलं नाही.

"मी पाहिलं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मग?"

"तुम्ही पाहिलं होतंत. मी नव्हतं पाहिलं. आणि चालवणार मी होते."

 "इतकी वर्षं मी लोकांना हेच शिकवतोय," तो म्हणाला. "माझ्यामागून आजवर एकानेही पाहिलं नाही. सगळे म्हणतात, टॉलिव्हरने पाहिलंय म्हणजे झालं. आज तुम्ही उतरलात तेव्हा मला राग आला, मिस नेल्डा. कसला आला ते मला रस्ताभर कळेना."

"अजून आहे?"

"आहे थोडा. जाईल." त्याने दाराच्या कडीवर हात ठेवला. "सकाळी बर्नडीनला सांगतो, यांचा ट्रक काढून ठेवा म्हणून. उतरा आता. तळलेली कोंबडी संपली असेल तर मात्र तो राग लवकर जायचा नाही."

कोंबडी संपली नव्हती. त्याच्या आईने दोन बशा झाकून ठेवल्या होत्या. म्हातारीला कमी दिसायचं. तिने नेल्डाचा हात चाचपला, तळव्यावरचं ग्रीस तिच्या बोटांना लागलं, तरी हात सोडला नाही. एवढा उशीर का केलास रे, असं तिने मुलाला विचारलं.

"ही बाई उतरून बघत बसली," क्लोव्हिस म्हणाला आणि खुर्ची ओढून घेतली. "असू दे गं आई, हिला बशी दे आधी. खडीवर गुडघे टेकून आलीय."